भाऊजींचं खरं की पुतण्याचं?

पत्र: मी नाशिकला असते, बँकेतून निवृत्त झाले आहे. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत, दोघंही एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. मुलीला सातवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी ऑक्टोबरची तारीख दिली आहे. माझे धाकटे दीर गेली कित्येक वर्षं टेक्ससमध्ये असतात, आता तिथले नागरिक आहेत. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. २७ जून २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. भाऊजींनी लिहिलं, ‘जन्मानं नागरिकत्व मिळण्याचा खेळ संपला, रांगेत उभं राहून आलेल्यांना न्याय मिळाला.’ पुतण्यानं लिहिलं, ‘कोर्ट विकलं गेलंय, आता अध्यक्ष म्हणतील तोच कायदा.’ तेव्हापासून मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर आणि एक्सवर लोकांची मतं बघत बसते. त्यातलं महत्त्वाचं वाटेल ते मुलीला पाठवते. परवा ती म्हणाली, ‘आई, यापुढे मला यातलं काहीही पाठवू नकोस.’ मला फार लागलं. भाऊजींचं खरं की पुतण्याचं? माझं नातवंड कुठल्या देशाचं होणार? व्हिसा हातात आहे, पण मी बाळंतपणाला जाऊ की नको? — एक आई

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर कुठल्याच कोर्टावर अवलंबून नाही. जा. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, व्हिसा आहे, तिला तुम्ही हव्या आहात. तिकीट या आठवड्यातच काढा. निकाल काय लागतो ते बघून ठरवू असं म्हणत बसलात, तर ऑक्टोबर निघून जाईल आणि निकाल तेव्हाही लागलेला नसेल.

आता भाऊजी आणि पुतण्या. दोघांनीही २७ जूनच्या निकालात नसलेली गोष्ट त्या निकालाच्या नावावर लिहिली. घडलं काय ते सांगते. थोडं सावकाश वाचा, कारण तुमच्या झोपेचं खोबरं या एका गोंधळानं केलंय.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, एक आदेश काढला. बाळाचा बाप अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, आणि आई एकतर बेकायदा राहत असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर त्या बाळाला अमेरिकेत जन्मूनही नागरिक मानायचं नाही, असं त्यानं केंद्र सरकारच्या खात्यांना सांगितलं. तुमची लेक या दुसऱ्या गटात येते, म्हणून तुमच्या पोटात गोळा आला. तो येणं साहजिक आहे. आदेश तिच्यासारख्यांना धरूनच लिहिलेला आहे.

आदेशाविरुद्ध लगेच दावे लागले. तीनच दिवसांनी सिएटलच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश जॉन कफनॉर यांनी तो थांबवला आणि उघडउघड घटनाबाह्य आहे असं भर कोर्टात सुनावलं. मग मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या न्यायाधीशांनीही मनाई हुकूम दिले. यातले काही हुकूम साऱ्या देशाला लागू होते. सरकार यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि इथेच सगळी मेख आहे. ‘आमचा आदेश घटनेला धरून आहे असं सांगा’ अशी मागणी सरकारनं केलीच नाही. सरकारनं विचारलं ते एवढंच: एका जिल्ह्याच्या न्यायाधीशाला आख्ख्या देशासाठी मनाई हुकूम काढता येतो का? न्यायालयानं सहा विरुद्ध तीन अशा मतांनी उत्तर दिलं की सर्वसाधारणपणे नाही, ज्यांनी दावा लावला आहे त्यांना पुरेल एवढाच हुकूम द्यावा. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिला. नागरिकत्वाचा मुद्दा आमच्यापुढे नाही, म्हणून आम्ही त्यावर बोलत नाही, हे त्या निकालातच म्हटलेलं आहे. शिवाय आदेशाची अंमलबजावणी आणखी तीस दिवस करायची नाही, असंही सांगितलं.

म्हणजे जन्मानं मिळणारं नागरिकत्व २७ जूनला संपलं नाही. अध्यक्षांचा शब्द हाच कायदा असंही त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. निकाल शंभरावर पानांचा आहे. त्यात बहुमत आहे, बहुमताशी सहमत असणाऱ्यांच्या पुरवण्या आहेत, आणि न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचा कडक विरोधी निकाल आहे, जो त्यांनी कोर्टात बसून वाचून दाखवला. तो जाहीर झाल्यावर काही मिनिटांत ज्यांनी लांबलचक मतं टाकली, त्यांनी तो वाचलेला असणं शक्यच नव्हतं. भाऊजींनी निकालावर नव्हे, तर त्यांच्या बाजूच्या कुणीतरी केलेल्या जल्लोषावर मत दिलं. पुतण्यानं त्याच्या बाजूच्या आक्रोशावर दिलं.

पुढचं त्या दोघांनी ग्रुपवर टाकलं होतं का ते बघा. माझा अंदाज आहे की नाही, कारण या बातम्या तेवढ्या गाजल्या नाहीत. १० जुलैला न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड इथे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी २० फेब्रुवारी २०२५ पासून जन्मलेल्या आणि पुढे जन्माला येणाऱ्या, या आदेशाचा फटका बसणाऱ्या सगळ्या बाळांना एक वर्ग मानून, त्या वर्गासाठी आदेश थांबवला. सर्वोच्च न्यायालयानं देशव्यापी हुकमाची वाट अडवली, पण एका गटाच्या वतीनं दावा लावण्याची वाट उघडीच होती. लाप्लांट त्या वाटेनं गेले. याच न्यायाधीशांनी फेब्रुवारीत मनाई हुकूम दिला होता तो फक्त दावा लावणाऱ्या संस्थांच्या सदस्यांपुरता. देशभराचा हुकूम काढायला ते तेव्हा तयार नव्हते. म्हणजे या माणसानं दोन्ही वेळा नियम पाहिला आणि नियमात जेवढं बसतं तेवढं दिलं. २३ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत मुख्यालय असलेल्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयानं हा आदेश घटनाबाह्य ठरवला. २५ जुलैला बोस्टनचे न्यायाधीश लिओ सोरोकिन यांनी दावा लावणाऱ्या राज्यांना त्याहून कमी पुरत नाही असं सांगून आपला आधीचा मनाई हुकूम देशभर कायम ठेवला, आणि तो दावा लावणाऱ्या राज्यांत न्यू जर्सी आहे. तेव्हा हे उत्तर लिहिते आहे त्या ऑगस्ट २०२५ मध्ये तो आदेश कुठल्याही बाळाला लागू झालेला नाही. तुमच्या नातवंडालाही नाही.

हे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जाणार आहे आणि तेव्हा नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नावरच निकाल लागेल. काय लागेल ते आज सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. माझं मत विचाराल तर आदेश घटनेत बसत नाही. चौदावी घटनादुरुस्ती १८६८ मधली, यादवी युद्धानंतरची. काळ्या माणसाला नागरिक होताच येत नाही असा जो निकाल त्याच न्यायालयानं १८५७ मध्ये दिला होता, तो पुसून टाकण्यासाठी ती आली. अमेरिकेत जन्मलेले आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेले सर्व जण नागरिक, असं ती सांगते. ‘सर्व’ लिहिणाऱ्यांना सर्वच म्हणायचं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण भाऊजींच्या बाजूनं जो खरा मुद्दा आहे तो त्यांनी मांडला नाही, म्हणून मी मांडते. ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांचा अर्थ किती रुंद घ्यायचा, यावर कायद्यात वाद करता येतो. परदेशी वकिलातीतल्या मुत्सद्द्यांची मुलं त्यातून वगळलेली आहेत, हे कुणीच नाकारत नाही. या विषयावरचा सगळ्यात मोठा निकाल वाँग किम आर्क यांचा. ते सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी १८७३ मध्ये जन्मले. चीनला जाऊन १८९५ मध्ये परतले तर बंदरात अडवले गेले, तू इथला नाहीसच म्हणून. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी ते जन्मानं अमेरिकन नागरिक असल्याचं सांगितलं. सरकारपक्षाचं म्हणणं असं की त्यांचे आईवडील तिथे कायमचे राहत होते, तात्पुरत्या व्हिसावर नव्हते, म्हणून तो निकाल आज सगळ्यांना लागू करू नये. मला हे पटत नाही. त्या निकालाचा सगळा युक्तिवाद जन्माच्या जागेवर उभा आहे. पण निदान हा युक्तिवाद तरी आहे, शिवी नाही. भाऊजींना यावर बोलायचं असेल तर ऐका. आपल्या देशानं हाच प्रश्न कसा सोडवला तेही त्यांना ठाऊक असेल: १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण नागरिक होता, नंतर आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा झाला, आणि डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा अशी अटही आली. म्हणजे नियम घट्ट करता येतात. पण आपण ते संसदेत कायदा करून केले. कुण्या एकाच्या सहीनं केले नाहीत. भाऊजींशी बोलायचंच झालं तर या मुद्द्यावर बोला. इथे तुम्हा दोघांत खरी चर्चा होऊ शकते.

‘कुणाच्या अध्यक्षानं नेमलेला न्यायाधीश’ ही तर आता सगळ्यांच्या तोंडी बसलेली ओळ झाली आहे. तिकडे केंद्रीय न्यायाधीश अध्यक्ष नेमतात, सिनेट मंजूर करतं आणि नेमणूक तहहयात असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयासारखं पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागत नाही. त्यामुळे प्रत्येक निकालासोबत पक्षाचं नाव छापलं जातं. आता वर सांगितलेलेच न्यायाधीश घ्या. कफनॉर यांना रेगन यांनी नेमलं, लाप्लांट यांना धाकट्या बुश यांनी, सोरोकिन यांना ओबामांनी, आणि मेरीलँडच्या डेबरा बोर्डमन यांना बायडन यांनी. चार अध्यक्ष, दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट, आणि आदेश चौघांनीही थांबवला. २०२० ची निवडणूक उलटवण्यासाठी साठाहून जास्त दावे लागले, त्यात ट्रम्प यांनी स्वतः नेमलेल्या न्यायाधीशांनीही त्यांना परत पाठवलं. १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणातल्या टेपा हजर करायला लावणारा निकाल आठ विरुद्ध शून्य होता. त्या आठांत तिघे निक्सन यांनीच नेमलेले, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर त्या तिघांपैकी एक. पंधरा दिवसांच्या आसपास निक्सन यांनी राजीनामा दिला. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले तेव्हा त्यांना रोखणारे सगळे न्यायमूर्ती त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांनी नेमलेले होते.

म्हणून नेमणुकीला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर पुतण्याच्या रागाला अन्याय होईल. २०१६ मध्ये सिनेटनं ओबामांच्या उमेदवाराची सुनावणीही घेतली नाही, निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून. २०२० मध्ये मतदानाला आठवडाभर उरला असताना बॅरेट यांची नेमणूक मंजूर केली. १ जुलै २०२४ चा अध्यक्षांना पदावरच्या कामांसाठी फौजदारी खटल्यातून मोठं संरक्षण देणारा निकाल सहा-तीनच होता, आणि २७ जूनचा हाही त्याच सहा-तीननं. हे बघून पोराचं डोकं फिरलं तर त्याला दोष देता येत नाही. मलाही २७ जूनचा निकाल कठोर वाटतो. वकील करायची ऐपत नसलेल्या माणसाला तो सांगतो की तुझा हक्क हवा असेल तर तूच दाराशी ये. पण ‘विकलं गेलंय’ म्हटलं की बाकीचं दिसेनासं होतं. हेच न्यायालय एप्रिल २०२५ मध्ये, १९ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर, व्हेनेझुएलाच्या कैद्यांना देशाबाहेर पाठवण्यापासून सरकारला थांबवणारा आदेश काढतं. आणि याच न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये कोलोराडोनं ट्रम्प यांचं नाव मतपत्रिकेवरून काढलं ते परत घालायला लावलं, नऊ विरुद्ध शून्य. तेव्हा पुतण्याच्या आवडीच्या, म्हणजे डेमोक्रॅट अध्यक्षांनी नेमलेल्या, तिन्ही न्यायमूर्ती त्यात होत्या.

दोन्ही बाजूंची टाळी आणि शिवी कशी फिरते, याचा एक नमुना सांगते. तो तुमच्याच विषयाजवळचा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये टेक्ससच्या ब्राउन्सव्हिल गावातल्या न्यायाधीश अँड्र्यू हेनन यांनी ओबामांची स्थलांतरितांसाठीची एक मोठी योजना देशभर थांबवली. एका जिल्ह्याच्या न्यायाधीशानं निवडून आलेल्या अध्यक्षाला अडवावं हे लोकशाहीत बसतं का, असं तेव्हा डेमोक्रॅट ओरडत होते आणि रिपब्लिकन त्या न्यायाधीशाचे गोडवे गात होते. दहा वर्षांनी तोच प्रश्न आला आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांची वाक्यं अक्षरशः बदलून घेतली. ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये एका न्यायाधीशावर महाभियोग आणायची मागणी केली, तेव्हा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्याच दिवशी निवेदन काढून सांगितलं की निकाल पटला नाही तर अपील असतं, महाभियोग हा त्याचा इलाज नव्हे. तुम्ही रात्री दोनपर्यंत जे ऐकता त्यात रॉबर्ट्स यांची ही दोन वाक्यं कुठेतरी येऊन जातही असतील. पण ज्या व्हिडिओवर मोठ्या लाल अक्षरांत ‘खेळ खल्लास’ लिहिलेलं असतं, तोच आपण आधी उघडतो.

न्यायालय देव आहे असंही समजू नका. ज्या न्यायालयानं १८९८ मध्ये वाँग किम आर्क यांना घरी जाऊ दिलं, त्यानंच १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला अर्ज करून नागरिक होता येणार नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे. नाव वाचून आपल्या आळीतले वाटावेत असे. थिंड खटला हरल्यावर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायला सुरुवात केली आणि पंडितांवरही दावा लावला. पंडित १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांनी गोरेपणाचा वाद पुन्हा घातला नाही. ज्या न्यायालयानं मला नागरिकत्व दिलं त्याच्यापुढे तेव्हा सरकार हजर होतं, त्यानं अपील केलं नाही, त्या निकालाच्या भरवशावर मी वकिलीची सनद घेतली, लग्न केलं, संसार मांडला, आता ते उलटवता येणार नाही, एवढंच त्यांनी मांडलं. खालच्या न्यायालयात जिंकले, १९२६ मध्ये अपिलात जिंकले, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला. त्यांचं नागरिकत्व तर वाचलंच, पण त्यानंतर सरकारनं इतर भारतीयांमागचा ससेमिराही सोडला. भारतीयांना अर्ज करून नागरिक होण्याचा हक्क मात्र १९४६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला तेव्हाच मिळाला.

पंडितांची गोष्ट मुद्दाम एवढी सांगितली. त्यांना तारलं ते जपून ठेवलेल्या कागदांनी आणि नेमक्या मुद्द्यानं. तुमच्या लेकीलाही तेच लागणार आहे, म्हणून आता त्याकडे येते.

कंपनीचा वकील व्हिसाचं काम करतो, पण तो कंपनीचाही वकील असतो. लेक आणि जावयाला म्हणावं, बाळाच्या प्रश्नासाठी इमिग्रेशनच्या एका स्वतंत्र वकिलाला एकदा फी देऊन भेटा. दोघांचे पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रं, अमेरिकेत प्रवेश केल्याची आय-९४ ही नोंद, पगाराच्या आणि घरभाड्याच्या पावत्या, सगळ्याच्या प्रती एका फायलीत. बाळ झालं की दवाखान्यातून जन्माची माहिती जाते, त्यावर जन्मदाखल्याच्या शिक्का असलेल्या दोन-तीन प्रती घ्याव्यात आणि पासपोर्टचा अर्ज कधी करायचा ते वकिलाला विचारून ठरवावं. बँकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईला कागद कसे लावायचे हे मी सांगायला नको. हे काम तुम्ही तिथे गेल्यावर करू शकता, आणि लेकीला त्याची खरोखर मदत होईल.

आणि ज्या भीतीनं तुम्ही रात्र जागता, बाळ कुठल्याच देशाचं राहणार नाही ही, ती आधी मनातून काढा. आईबाप दोघंही भारतीय नागरिक आहेत. परदेशात जन्मलेल्या अशा बाळाची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत करता येते आणि ते भारतीय नागरिक ठरतं. अट एवढीच की त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसावा. म्हणजे अमेरिकेचं दार बंद झालं अशी वाईटात वाईट कल्पना केली तरी नाशिकचं उघडं आहे. पासपोर्ट अमेरिकेचा मिळाला तर पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं, कार्ड घेता येतं. हे लेकीला ठाऊक असणार. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या पत्रातली अर्धी घालमेल तिथली आहे असं मला वाटतं.

लेक ‘पाठवू नकोस’ म्हणाली याचं वाईट वाटून घेऊ नका. ती हे सगळं तुमच्या आधीपासून वाचते आहे. ऑफिसात तिच्यासारख्या चार जणी असतील, दवाखान्याच्या बाकावर हीच चर्चा असेल. त्यात रात्री आईचा मेसेज येतो आणि उघडून बघावं तर पुन्हा तेच: तुझ्या बाळाचं काय होणार. तिला आईकडून ही एक गोष्ट नको आहे. उद्या फोन करा आणि कोर्टाचं नाव काढू नका. पाय सुजतात का, झोप लागते का, अळीव आणि बाळंतशेपा इकडून आणू की तिकडे मिळतात, हे विचारा. ती मोकळी बोलेल.

भाऊजींचं आणखी एक. ते रांगेचं बोलले त्यात त्यांचा स्वतःचा जीव अडकलेला आहे. ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं अशी बोलतात. त्या वर्षांत त्यांनी काय काय सोडलं ते त्यांनाच माहीत. पण आपल्या पुतणीचं बाळ त्याच आदेशाच्या टप्प्यात येतं, हे त्यांच्या लक्षात आलंय का? मला शंका आहे. लोक टीव्हीवरच्या घुसखोराला डोळ्यांसमोर ठेवून लिहितात आणि घरातली पोर विसरतात. हे ग्रुपवर सांगू नका, चारचौघांत माणूस माघार घेत नाही. त्यांना एकट्यांना फोन करा आणि सांगा, ‘भाऊजी, तुमच्या पुतणीचा व्हिसा एच-१बी आहे, ऑक्टोबरची तारीख आहे, तिला चांगल्या वकिलाचं नाव हवंय, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?’ इतकी वर्षं तिकडे काढलेल्या माणसाला चार ओळखी असतात. ते नाव शोधून देतील. मत बदलेल की नाही ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला त्याची तूर्त गरजही नाही. पुतण्याला वेगळा फोन करा. त्याला म्हणावं, तुझा राग मला समजतो, पण ग्रुपवर ‘सगळं संपलं’ लिहिलंस की तुझ्या बहिणीचं बीपी वाढतं.

मूळ प्रश्नावरचा निकाल कधीतरी लागेलच. त्या दिवशी ग्रुपवर पुन्हा फटाके आणि शिव्या एकदम येतील. तुम्ही त्या दिवशी काहीच लिहू नका आणि व्हिडिओ लावू नका. सर्वोच्च न्यायालय आपल्या संकेतस्थळावर निकाल त्याच दिवशी टाकतं, सुरुवातीची काही पानं म्हणजे त्याचा गोषवारा असतो. जावयाला तो वाचून दाखवायला सांगा आणि तीन गोष्टी विचारा: न्यायालयाला नेमकं काय विचारलं होतं, त्यानं काय ठरवलं, आणि ते कुठल्या तारखेपासून, कुणाला लागू. चौथा प्रश्न वकिलाला, आपल्या बाळाला काय. ही चार उत्तरं हाती आली की ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहा, साध्या मराठीत, आणि खाली लेकीचं नाव घालू नका.